रेघ किती सरकली?

रेघ काढता येत होती, खरडता येत होती. सरकवता मात्र येत नव्हती. तारापूर एमआयडीसीतल्या ड्रॉइंग ऑफिसांत ज्यांनी बोर्डावर काम केलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं एखाद्या टाकीचं ड्रॉइंग पुरं व्हायला तीन-चार दिवस जायचे आणि मग साइटवरून निरोप यायचा : वरचा नॉझल (पाइप जोडायचं तोंड) दीडशे मिलिमीटर उजवीकडे घ्या.

मग दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं. अर्धं पातं अंगठा आणि तर्जनीत धरायचं, कागदाला जवळजवळ आडवं लावायचं आणि शाई खरडायची. पातं जरा उभं झालं की कागद फाटला. शाई निघाली तरी काम संपत नसे. खरडलेली जागा खडबडीत होते, तिच्यावर नवी शाई फुटते. म्हणून ती नखानं किंवा चमच्याच्या पाठीनं घोटून गुळगुळीत करायची, मग टेम्प्लेट ठेवून नवं वर्तुळ काढायचं. एवढं करून प्लॅनमधला नॉझल हलला. समोरचा देखावा राहिला, बाजूचा राहिला, मापांच्या रेघा राहिल्या, नॉझलचं कोष्टक राहिलं, त्याला जोडलेल्या पाइपचं आयसोमेट्रिक राहिलं. दीडशे मिलिमीटरसाठी अख्खा दिवस.

आणि वण राहायचा. ट्रेसिंगवरून काढलेल्या अमोनियाच्या प्रिंटवर ती जागा किंचित धुरकट उमटायची. कारखान्यातला जुना फिटर प्रिंट उजेडाकडे धरून बघायचा आणि म्हणायचा, इथं काहीतरी बदललंय, विचारून घे. हा वण पुढे नाहीसा कसा झाला आणि त्याच्यासोबत आणखी काय गेलं, ती हकिकत मला सांगायची आहे. ती एका सॉफ्टवेअरची आहे, तितकीच या पट्ट्याचीही आहे.

पालघर-बोईसरच्या भागात कागदावर नेमकेपणानं रेघ ओढण्याची पहिली मोठी मोहीम जमिनीच्या मोजणीची. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ज्या पद्धतीची सुरुवात केली, ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली, ठाणे जिल्ह्यातही आली. तिचं मुख्य हत्यार तेहेतीस फुटांची साखळी. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एकर. या साखळीचे भाग सोळा, आणि त्यांना नाव होतं आणा. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचेही सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. शेताच्या बांधाचा वाद या मापात तुटायचा. त्याच्याखालचं अंतर कुणी नकाशावर शोधत नव्हतं, कारण ते नकाशात नव्हतंच.

सुतार-गवंड्यांचं माप त्याहून बारीक होतं : सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. दाराची चौकट ‘दोन सूत आत घे’ म्हटलं की मिस्त्रीला कागद लागत नाही. चिंचणीपासून केळव्यापर्यंतच्या वाड्यांतली घरं याच मापावर उभी राहिली. तेव्हा या किनाऱ्यावर बारीक मापाची दोनच गिऱ्हाइकं होती, घर बांधणारा आणि होडी बांधणारा.

तिसरं गिऱ्हाईक आलं ते एकदम अणुवीज केंद्राच्या रूपानं. मुंबईपासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, कोळशाच्या खाणींपासून लांब, थंडाव्यासाठी हवं तेवढं समुद्राचं पाणी, आणि वीज महाराष्ट्राला व गुजरातला दोघांनाही देता येईल अशी जागा, या हिशेबानं तारापूरची निवड झाली. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेत सहकार्याचा करार झाला. अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, बांधकामाची जबाबदारी बेक्टेलची, आणि खर्चासाठी अमेरिकेचं आठ कोटी डॉलरचं कर्ज. १९६४ मध्ये काम सुरू झालं. देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांना ते पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. जानेवारी १९६६ मध्ये ते विमान अपघातात गेले. २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही युनिटांची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली.

वीजकेंद्राबरोबर या भागात आला तो ड्रॉइंगचा एक नवा शिस्तपाठ. प्रत्येक कागदाला नंबर, प्रत्येक बदलाला रिव्हिजन, बदल झालेल्या भागाभोवती ढगासारखी वळणावळणाची रेघ, आणि कोपऱ्यात तीन सह्या : काढली कुणी, तपासली कुणी, मंजूर केली कुणी. आणि त्याच कोपऱ्यात एक सूचना, जी पुढं प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या हाताला आपोआप वळण होऊन बसली : ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नका, लिहिलेलं माप घ्या.

ही सूचना का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. एखादा कारखाना १:५० या प्रमाणात काढला आणि पेनाची जाडी पाव मिलिमीटर धरली, तर ती एक रेघ प्रत्यक्षातले साडेबारा मिलिमीटर झाकते. म्हणजे जवळजवळ चार सूत. रेघेच्या अलीकडच्या कडेला धरायचं की पलीकडच्या, यातच अर्ध्या इंचाचा फरक. त्यात ट्रेसिंग पेपर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आखडतो. त्यामुळं रेघ हे फक्त चित्र, खरं माप म्हणजे तिच्यावर लिहिलेला आकडा, असा करार सगळ्यांनी मनोमन मान्य केला होता. ड्राफ्ट्समन आकडा लिहायचा, फिटर आकडा वाचायचा, पत्र्यावर स्टीलची पट्टी लावून सेंटर पंच मारायचा. रेघ जराशी इकडची तिकडे झाली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

हा करार मोडणारी गोष्ट त्याच १९६३ साली, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तयार झाली होती. एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाच्या चोविशीतल्या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी स्केचपॅड नावाची प्रणाली बनवली. टीएक्स-२ या खोलीभर पसरलेल्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाचं पेन टेकवून त्यानं रेघा काढल्या, आणि मग त्या धरून हलवल्या. एक बिंदू ओढला की त्याला जोडलेल्या रेघा ताणल्या जात. दोन रेघा समांतर राहाव्यात असं सांगितलं की यंत्र त्या समांतर ठेवी. एका मूळ आकृतीवरून काढलेल्या अनेक प्रती असतील आणि मूळ बदललं, तर सगळ्या प्रती बदलत. खरडणं नाही, घोटणं नाही, वण नाही. कारण पडद्यावर दिसते ती रेघ नव्हेच; आत साठवलेले दोन बिंदूंचे आकडे हीच खरी रेघ. आकडे बदला, रेघ नव्या जागी.

योगायोग इतकाच नाही. या क्षेत्राच्या आद्य पुरुषांत ज्यांचं नाव घेतात त्या पॅट्रिक हॅनरट्टींनी यंत्रांना आकड्यांनी हुकूम देणारी ‘प्रोंटो’ ही भाषा १९५७ मध्ये लिहिली, ती जनरल इलेक्ट्रिकमध्येच. आणि मुंबईत कुलाब्याला, भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या देशी बनावटीच्या संगणकाला पडद्यावर आकृती दाखवण्याची सोय होती. म्हणजे तारापूरचा पाया खणला जात होता तेव्हा या विद्येचं बीज आपल्याकडेही पडलेलं होतं. पण ते विजेसारखं तारेवरून बोईसरपर्यंत आलं नाही. यायला तीस वर्षं लागली.

कारण सरळ होतं : पैसा. स्केचपॅडनंतरची वीस वर्षं ही साधनं मोटारी आणि विमानं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांपुरतीच राहिली. दार उघडलं १९८२ मध्ये. जॉन वॉकर आणि त्याच्या सोबत्यांनी ऑटोडेस्क ही छोटी कंपनी काढली आणि त्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या प्रदर्शनात ऑटोकॅड मांडलं. टेबलावरच्या संगणकावर चालणारं, हजारेक डॉलरचं. (तारापूरच्या दृष्टीनं ते साल वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिलं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं इंधनाबाबत हात आखडता घेतला होता; १९८२ मध्ये फ्रान्सशी समझोता होऊन भट्ट्यांची भूक भागली.)

भारतात १९८४ च्या संगणक धोरणानं आयातीची वाट मोकळी केली, १९९१ नंतर ती रुंद झाली. तरी ड्रॉइंग ऑफिसाच्या मालकाचं गणित सोपं नव्हतं. ऑटोकॅडला अपूर्णांकांचं गणित फार लागतं. म्हणून १९८७ च्या रिलीज ९ पासून संगणकात त्यासाठीची वेगळी चिप, कोप्रोसेसर, असणं सक्तीचं झालं. त्याचे पैसे वेगळे. अमेरिकेबाहेर विकलेल्या प्रतींना संगणकाच्या मागे खोचायचं कुलूप, डाँगल. ते हरवलं तर सॉफ्टवेअर गेलं. आणि प्लॉटर : पेन उचलून, ठेवून, कागद मागेपुढे ओढून चित्र काढणारं यंत्र. या पेन-प्लॉटरांची आकड्यांची भाषा एक मिलिमीटरचे चाळीस भाग करायची. मिलिमीटरचा चाळिसावा भाग हे त्यांचं एक पाऊल. ज्या ड्राफ्ट्समनचा हात तीस वर्षं रेघेवर स्थिर राहिला होता, तो त्या यंत्रासमोर उभा राहून पेन नाचताना बघायचा. तेव्हाची शांतता मला आठवते. कौतुकही होतं तिच्यात आणि धास्तीही.

तोवर बोईसरचं रूप पालटलं होतं. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या एमआयडीसीनं पुढे इथं वसाहत उभारली. तिचं नाव तारापूर असलं तरी तिचं दार बोईसर स्टेशन. रसायनं, औषधं, कापड, पोलाद. मराठी मुलांच्या हातात पहिलं कंपास देणाऱ्या कॅमलिनचाही कारखाना इथंच आहे. अशा वसाहतीत ड्रॉइंग संपत नाहीत. आज रिअ‍ॅक्टर बसवला, उद्या त्याला नवी लाइन, परवा शेजारी शेड. आयटीआयमधून आरेखकाचा दोन वर्षांचा कोर्स केलेली पालघर, सफाळे, डहाणूची मुलं एक तर इथं लागायची, नाहीतर पहाटेच्या शटलनं विरारला उतरून अंधेरीला सल्लागार कंपन्यांत जायची. अंधेरीत त्यांनी संगणक पाहिला आणि बोईसरला त्याची बातमी आणली, असा तो प्रवास आहे. १९९७ मध्ये रिलीज १४ आलं, ते फक्त विंडोजवर चालायचं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड भिंतीला टेकले. स्टेशनच्या आसपासच्या गाळ्यांवर ‘कॅड शिका’च्या पाट्या लागल्या.

शिकवणीत पहिल्याच आठवड्यात मूव्ह यायचं. ‘एम’ टाइप करा, एंटर. वस्तू निवडा, एंटर. मग यंत्र विचारतं : कुठून? नॉझलचा मध्य टिचकवा. मग विचारतं : कुठपर्यंत? इथं @१५०,० लिहायचं. @ म्हणजे ‘इथून’. दीडशे उजवीकडे, शून्य वर. एंटर. ब्लेड, नख, चमच्याची पाठ आणि अख्खा दिवस, सगळं त्या एका ओळीत मावलं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उलटं करूनही पाहिलं. @-१५०,० लिहून मागे आणलं. नॉझल मूळ जागी, जसाच्या तसा. कुठं ओरखडा नाही.

त्या @ नं बोईसरच्या एका पिढीला रडवलंही. तो लिहायचा राहिला तर यंत्र ‘इथून’ असं समजत नाही. कागदाच्या मूळ बिंदूपासून दीडशे असं समजतं आणि वस्तू तिकडे नेऊन ठेवतं. पडद्यावरून नॉझल गायब. ‘सर, माझं ड्रॉइंग उडालं!’ ही हाक प्रत्येक वर्गात रोज एकदा तरी यायची. मग झूम एक्स्टेंट्स करून सगळं ड्रॉइंग पडद्यावर आणायचं, लांब कोपऱ्यात पडलेला नॉझल दिसायचा. २००५ मध्ये आलेल्या आवृत्तीनं आकडे कर्सरजवळच टाइप करायची सोय दिली आणि दुसरा बिंदू आपोआप ‘इथून’ धरला जाऊ लागला. नव्या मुलांना @ ची गरज उरली नाही. जुने हात अजून लिहितात.

नेमकं सरकवण्याच्या आणखी वाटा होत्या. एफ-८ दाबून ऑर्थो लावलं की वस्तू आडवी किंवा उभीच हलणार, तिरकी नाही, टी-स्क्वेअरचंच काम. एफ-९ दाबून स्नॅप लावलं की कर्सर उड्या मारत चालणार. उडी पाचाची ठेवली तर पाच, पंचवीसची ठेवली तर पंचवीस. ऑब्जेक्ट स्नॅप लावला की रेघेचं टोक, वर्तुळाचा मध्य चुंबकासारखा पकडला जाणार. आणि पुढच्या आवृत्त्यांत आली ती सगळ्यांत सोपी वाट, नज : वस्तू निवडायची, कंट्रोल दाबून बाण दाबायचा. वस्तू एक पाऊल सरकते. ते पाऊल केवढं? स्नॅप चालू असेल तर स्नॅपच्या उडीएवढं. स्नॅप बंद असेल तर पडद्यावरचे दोन पिक्सेल.

दोन पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षात किती, याला ठरलेलं उत्तर नाही. तुम्ही किती जवळून पाहताय त्यावर ते अवलंबून. आणा, सूत, मिलिमीटर ही मापं कुठंही तेवढीच राहतात. हे माप बघणाऱ्याच्या अंतराबरोबर बदलतं. या हकिकतीत पुढं जो घोटाळा यायचाय, त्याचं मूळ इथं आहे.

पण आधी जे मिळालं ते मोकळ्या मनानं सांगितलं पाहिजे. आतमध्ये हे सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूचे आकडे पंधरा-सोळा अंकांपर्यंत सांभाळतं. साडेबारा मिलिमीटर झाकणारी जाड रेघ संपली. शंभर मीटरच्या शेडमधलं दहा मिलिमीटरचं भोक त्याच फाइलमध्ये तितकंच खरं राहू लागलं. पाइप एकमेकांत घुसतात का, शिडी दारासमोर येते का, हे पत्रा कापायच्या आधी कळू लागलं. एका दिवसात होणारे बदल एका तासात होऊ लागले. त्यामुळं बदल कमी झाले नाहीत, वाढले. पूर्वी साइटचा साहेब दहादा विचार करून निरोप धाडायचा, कारण ड्राफ्ट्समनचा दिवस जातो हे त्याला ठाऊक होतं. आता रिव्हिजन पाचवरून पंधरावर गेली. आणि नुसतं ट्रेसिंग करणारा माणूस, ट्रेसर, ज्याची शाईची रेघ काचेसारखी असायची, त्याचं पद कुणी रद्द न करताच संपलं. असे दोघे-तिघे मी पाहिले. एक जण मूव्ह शिकला, उत्तम शिकला. एकानं बोईसरला झेरॉक्सचं दुकान टाकलं. तिसऱ्याचं काय झालं ते मला विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख आहे.

या काळातच तारापूरला दुसरी मोठी उभारणी झाली. प्रत्येकी ५४० मेगावॉटची दोन युनिटं, या वेळी आराखडा देशी, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा. २००० मध्ये काँक्रीट पडायला लागलं, सप्टेंबर २००५ मध्ये चौथं युनिट आणि ऑगस्ट २००६ मध्ये तिसरं युनिट व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. अशा प्रत्येक भट्टीत ३९२ आडव्या नळ्या, आणि भट्टी चालू असतानाच इंधन भरणारं यंत्र त्यांतल्या नेमक्या एका नळीच्या तोंडाशी येऊन बसतं. नेमकं सरकणं म्हणजे काय, याचा या किनाऱ्यावरचा सर्वांत अवघड नमुना तो असेल. साठच्या दशकात परक्यांचे नकाशे वाचायला शिकलेला देश चाळीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर स्वतःचे नकाशे उभे करत होता. त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

त्याच नकाशावर अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं होती. ती उठली. शेती आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना आखीव प्लॉटांच्या वसाहतीत जावं लागलं. नव्या ठिकाणाहून समुद्र लांब पडला, ही कोळ्यांची तक्रार पुढं वर्षानुवर्षं राहिली. पुनर्वसनाचा लेआउट कसा काढतात हे मला माहीत आहे. एक प्लॉट काढायचा, त्याच्या रांगेत प्रती टाकायच्या, रस्त्यासाठी जागा सोडायची. अर्ध्या तासाचं काम. होडी ओढून ठेवायची जागा, जाळं वाळत घालायचं वाळवंट, माशांचा वास कुणाच्या दारात जातो आणि कुणाला चालतो, हे त्या फाइलच्या कुठल्याच लेअरमध्ये नसतं. त्या लोकांनी काय सोडलं हे कागदावर आणायची गरज कुणाला वाटली नाही. मला ते चुकीचं वाटतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर आलेल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या आराखड्यात जिल्ह्यात विरार आणि बोईसर अशी दोन स्थानकं आहेत. मार्गाची मोजणी हवेतून, लेसरनं अंतर मोजणाऱ्या लायडारनं झाली. अशा मार्गाची रेघ सरकवणं नॉझल सरकवण्यासारखं नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीला लागणारी वळणं कित्येक किलोमीटर त्रिज्येची असतात. एका चिकूच्या वाडीला वळसा घालायचा तर पुढची-मागची मैलोगणती रेघ हलते आणि दुसऱ्याच्या वाडीवर जाते. म्हणून गावोगावच्या सभांत लोक ‘रेघ थोडी सरकवा’ म्हणत राहिले. उत्तर येत राहिलं, सरकत नाही. संयुक्त मोजणीला सरकारी माणसं उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र घेऊन येतात, सेंटिमीटरपर्यंत. समोर शेतकऱ्याच्या हातात आणे-साखळीच्या काळातल्या नकाशावरून उतरलेला कागद असतो. दोन्हींत काही फुटांचा फरक निघतो. तो फरक कुणाची चूक नसतो. दोन काळांच्या मापांमधली ती भेग आहे. पण मोबदला त्या भेगेतून कापला जातो.

आता तो घोटाळा. पाच-सहा वर्षांपूर्वी मी बोईसरच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपसाठी ड्रॉइंग तपासत होतो. एका शेडच्या खांबांच्या बारा बेसप्लेट, प्रत्येकीला चार बोल्ट, मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिलिमीटर. ड्रॉइंग काढणाऱ्या मुलानं लिहिलेली अक्षरं आणि भोकं एकमेकांवर येत होती, म्हणून त्यानं एका बाजूची भोकं कंट्रोल आणि बाण दाबून जराशी बाजूला केली. एकदाच. स्नॅप बंद होता. त्याच्या पडद्यावर हजार पिक्सेलांत दीड मीटर दिसत होता, म्हणजे दोन पिक्सेल म्हणजे तीन मिलिमीटर. माप ५९७ दिसायला लागलं. ते चुकलेलं वाटून त्यानं मापाच्या अक्षरांवर टिचकी मारली आणि ६०० टाइप केलं. मी प्रिंट तपासली. ६०० वाचलं, सही केली.

साइटवर फाउंडेशन बोल्ट प्रिंट वाचून बसवले गेले, ६०० वर, आणि ग्राउट ओतून पक्के झाले. प्लेटांसाठी मात्र प्रिंट गेली नाही. फाइल थेट प्लाझ्मा कटिंगच्या मशीनला गेली. मशीन लिहिलेला आकडा वाचत नाही, ते रेघ वाचतं. त्यानं ५९७ वर भोकं पाडली, बाराच्या बारा प्लेटांत, अगदी बिनचूक.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या फिटर काकांचा फोन आला. ‘बाळा, भोकं बसत नाहीत. तीनचा फरक आहे.’ मी प्रिंट काढून दाखवली तर ते म्हणाले, ‘प्रिंट बरोबर आहे रे. पण प्लेट प्रिंटवरून नाही ना कापली.’ मग त्यांनी मला विचारलं, बदललंय कुठं ते दिसत का नाही? ते जुनी प्रिंट उजेडाकडे धरून बघणाऱ्यांतले. मी त्यांना काय सांगणार? दोन पिक्सेलांचा वण पडत नाही.

प्लेटा परत कापायला वेळ नव्हता, क्रेन उभी होती. काकांनी गॅस कटरनं भोकं एका बाजूनं लांबट केली, खांब उभे करून ओळंबा लावला, आणि प्रत्येक बोल्टवर जाड चौकोनी वॉशर ठेवून तो प्लेटला वेल्ड केला. बारा प्लेटा, अठ्ठेचाळीस वॉशर. त्या आठवड्यापासून आमच्याकडे मापाच्या अक्षरांवर हातानं आकडा टाइप करायला बंदी आहे, आणि फाइल मशीनकडे जाण्याआधी कुणीतरी दोन भोकांच्या मध्यावर टिचकवून यंत्रालाच अंतर विचारतं आणि ते मोठ्यानं वाचतं.

ती शेड अजून उभी आहे. कामानिमित्त तिथं गेलो की मी खांबाच्या पायथ्याशी वाकतो. रंगाचे दोन हात चढलेत, पण वॉशरच्या कडेचं वेल्डिंग बोटाला लागतं.